ताज्या डाळिंबाची औष्णिक वाहकता कशी मोजायची: सुई, चायना ग्रास आणि बर्फाची बादली

प्रश्न असा आहे: सांगोल्याच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला डाळिंब आणि द्राक्षांसाठी पूर्वशीतनाची, म्हणजे तोडलेले फळ साठवण्याआधी झटपट थंड करण्याची, खोली बांधायची आहे. गणितासाठी फळाची औष्णिक वाहकता, म्हणजे फळातून उष्णता किती सहज वाहते त्याचे माप, हवी. सोलापुरातल्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ली यांची चकती आहे. तिच्यात फळाची चकती ठेवून आकडा काढता येईल का, आणि नसेल तर दुसरा मार्ग कोणता?

ली यांची चकती यासाठी वापरू नका. ती एबोनाइट, पुठ्ठा, काच अशा कोरड्या दुर्वाहकांसाठी आहे. तिच्या एका बाजूला १०० अंशांची वाफ असते आणि स्थिर अवस्था यायला तास-दीड तास लागतो. तेवढ्या वेळात फळ शिजते, पेशी फुटतात, रस गळतो. त्याहून वाईट गोष्ट दिसतच नाही. गरम बाजूचे पाणी वाफ होऊन गराच्या पोकळ्यांतून थंड बाजूकडे जाते आणि तिथे द्रवरूप होते. जाताना ते आपली सुप्त उष्णता घेऊन जाते. मापन ती उष्णता वहनाच्या खात्यावर मांडते आणि आकडा फुगतो. ताज्या फळाचे मापन अर्ध्या मिनिटात उरकले पाहिजे आणि फळ दोन-तीन अंशांहून जास्त तापता कामा नये. या दोन अटी पाळणारी आणि कमी खर्चात जमणारी पद्धत म्हणजे तापत्या सुईची.

तत्त्व

एका बारीक लांब सुईत तापणारी तार आणि तापमान मोजणारा थर्मोकपल असतो. सुई फळात खुपसून ठरावीक विद्युतशक्ती दिली की तिचे तापमान आधी भराभर आणि मग सावकाश चढते. तापमान उभ्या अक्षावर आणि वेळेचा नैसर्गिक लॉगरिदम आडव्या अक्षावर घेतला की मधला भाग सरळ रेषा होतो. त्या रेषेच्या उतारावरून:

औष्णिक वाहकता = सुईच्या दर मीटरला दिलेली शक्ती ÷ (१२.५७ × उतार)

१२.५७ म्हणजे ४ गुणिले पाय (π). शक्ती वॅट प्रति मीटरमध्ये घेतली की उत्तर वॅट प्रति मीटर प्रति केल्विन येते. वाहकतेचे पुढचे सगळे आकडे याच एककात आहेत. सूत्रात फळाची घनता किंवा विशिष्ट उष्मा लागत नाही. या पद्धतीचा मोठा फायदा तोच.

सुई बनवणे

औषधाच्या दुकानात मिळणारी २० गेजची, दीड इंची, पिवळ्या बुडाची इंजेक्शनची सुई घ्या. तिचा बाहेरचा व्यास ०.९ मिमी आणि लांबी ३८ मिमी, म्हणजे लांबी व्यासाच्या बेचाळीस पट. हे गुणोत्तर २५ च्या खाली गेले की उष्णता टोकांकडून निसटते आणि सूत्र लागू पडत नाही. १८ गेजची, गुलाबी बुडाची सुई जेमतेम तिसापर्यंत पोचते. तिच्यात तारा भरणे सोपे असते, म्हणून पहिला प्रयत्न तिच्यावर करायला हरकत नाही.

हीटरसाठी ०.०८ मिमी जाडीची, एनॅमलचा थर असलेली कॉन्स्टंटन तार दुमडून सुईच्या टोकापर्यंत घाला. या तारेचा रोध मीटरला सुमारे ९७ ओहम असतो. दुमडल्यामुळे सुईच्या दर मीटरला तो १९५ धरायचा. सुईतल्या तुकड्याचा रोध साडेसात ओहमच्या आसपास भरेल. साध्या मल्टिमीटरने तो मोजू नका. मीटरच्या वायरींचाच रोध ०.३ ओहमपर्यंत असतो, म्हणजे तिथेच ४ टक्के चूक. दोन तारांतून प्रवाह सोडून दुसऱ्या दोन तारांनी हीटरच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजा आणि भागाकार करा.

थर्मोकपल टी प्रकारचा, तांबे-कॉन्स्टंटनचा, तितक्याच बारीक तारेचा घ्या. त्याचा सांधा सुईच्या लांबीच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. तारा आत सरकवताना सुईच्या तिरक्या कडेवर एनॅमल खरवडले जाते आणि बहुतेक सुया इथेच बिघडतात. ती कड आधी कानशीने घासून बोथट करा. मग दोन भागांचे इपॉक्सी जरा कोमट करून पातळ करा आणि टोकाकडून सिरिंजने आत ओढा. आत हवेचा बुडबुडा राहिला तर आलेखाचा सुरुवातीचा वाक लांबतो आणि सरळ भागाला जागा उरत नाही. इपॉक्सी सुकल्यावर हीटर आणि सुईचे पोलाद, तसेच हीटर आणि थर्मोकपल यांच्यामधला रोध तपासा. तो मेगाओहममध्ये नसेल तर ती सुई बाजूला ठेवा. फळाचा रस वीज वाहतो. गळती असलेली सुई कोरड्या हवेत बरोबर वागते आणि फळात गेली की भलतेच आकडे दाखवते.

प्रवाहासाठी एलएम ३१७ हा आयसी स्थिर-प्रवाह जोडणीत, ८.२ ओहमच्या रोधकासह वापरा. सुमारे १५२ मिलिअँपिअर मिळतात आणि शक्ती मीटरला साडेचार वॅट होते. फळात यामुळे सुईचे तापमान अर्ध्या मिनिटात पावणेतीन अंशांनी वाढते. एवढे पुरते. शक्ती दुप्पट केल्याने आलेख देखणा होतो, पण सुईभोवतीचा ओलावा सरकायला लागतो.

तापमान वाचायला ०.२५ अंशाच्या पायऱ्यांनी वाचणारे स्वस्त मॉड्यूल, म्हणजे मॅक्स ६६७५ सारखे, चालणार नाही. आलेखाच्या सरळ भागात मोजायची सगळी वाढच एका अंशाच्या आसपास असते. मॅक्स ३१८५६ ची पायरी ०.००७८ अंशाची आहे आणि ते टी प्रकार ओळखते. मात्र ते मुळात ६० हर्ट्झचा गोंगाट गाळण्यासाठी लावलेले येते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून प्रोग्राममध्ये ते ५० वर बदला. मापनाच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. मॉड्यूल बंद डबीत असू द्या. पंख्याचा वारा त्याच्या शीतसांध्यावर, म्हणजे थर्मोकपलच्या तारा मॉड्यूलला जोडतात त्या टोकावर, आला तर वाचन हलते आणि ते फळाचे तापमान वाटते.

आधी सुईची परीक्षा

फळाला हात लावण्यापूर्वी ज्याची वाहकता पक्की माहीत आहे अशा पदार्थात सुई तपासा. २०० मिली पाण्यात १ ग्रॅम अगर उकळून विरघळवा, बरणीत ओता आणि रात्रभर थंड होऊ द्या. किराणा दुकानात मिळणारा चायना ग्रास म्हणजे अगरच. पाणी घट्ट बसले की त्यात अभिसरणाचे प्रवाह होत नाहीत, पण वाहकता पाण्याचीच राहते: २५ अंशांना ०.६०७. नुसत्या पाण्यात सुई तापवली तर तिच्याभोवतीचे पाणी वर वाहू लागते आणि आकडा जास्त येतो. दुसरी तपासणी ग्लिसरीनमध्ये करा. त्याची वाहकता ०.२८५ च्या आसपास आहे. मात्र ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढते, म्हणून नुकतीच उघडलेली बाटली घ्या.

समजा अगरमध्ये ०.५८९ आले. ०.६०७ भागिले ०.५८९ म्हणजे १.०३ हा सुईचा गुणक, आणि पुढच्या प्रत्येक उत्तराला त्याने गुणायचे. गुणक ०.९५ ते १.०५ च्या बाहेर असेल तर गुणून वेळ मारून नेऊ नका. रोध चुकीचा मोजलाय, सांधा मध्यावर नाही, किंवा आत हवा आहे. अगर आणि ग्लिसरीन यांचे गुणक एकमेकांशी जुळले तरच सुई विश्वासाची.

फळाची तयारी

सोलापुरात सर्वात जास्त त्रास इथे होतो. उन्हाळ्यात खोलीचे तापमान दुपारभर चढत असते आणि पाव किलोचे डाळिंब त्याच्यामागे तासन् तास रेंगाळते. शिवाय एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सालीतून पाणी उडते आणि साल आतल्या गरापेक्षा थंड राहते. म्हणून फळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, सुईसह थर्मोकोलच्या पेटीत रात्रभर ठेवा आणि पहाटे मोजा.

हीटर लावण्याआधी ६० सेकंद नुसते तापमान नोंदवा. मिनिटाला ०.१ अंशाने जरी ते सरकत असेल तरी मापनाच्या २२ सेकंदांत ०.०३७ अंश होतात. मोजायची वाढ ०.९५ अंश, म्हणजे जवळपास ४ टक्के चूक एवढ्यानेच आत शिरते. सरकण मिनिटाला ०.०२ च्या खाली येईपर्यंत थांबा.

मापन

डाळिंबाची साल चिवट असते. तशाच २० गेजच्या रिकाम्या सुईने आधी छिद्र पाडा आणि मग मापनाची सुई सरळ आत न्या. हात हलला की छिद्र रुंदावते आणि सुईभोवती हवा राहते. हवेची वाहकता ०.०२६, पाण्याच्या तेविसाव्या हिश्शाच्याही थोडी खाली. सुई आत गेल्यावर पाच मिनिटे थांबा, मग नोंद सुरू करा: ६० सेकंद हीटरशिवाय, ४० सेकंद हीटरसह, दर अर्ध्या सेकंदाला एक वाचन.

आलेखात पहिले सहा-आठ सेकंद वाकडे असतात, कारण सुईचे पोलाद आणि इपॉक्सी स्वतः तापत असतात. तो भाग सोडा. साधारण ८ ते ३० सेकंदांचा भाग सरळ निघतो. त्याला रेषा बसवा. सहसंबंधाचा वर्ग (R²) ०.९९९ च्या खाली असेल तर ते मापन बाद. समजा उतार ०.७४ आला. साडेचार भागिले (१२.५७ गुणिले ०.७४) म्हणजे ०.४८४. गुणक १.०३ लावून ०.४९८, लिहायचे ०.५०.

वेळेला वरचीही मर्यादा आहे. उष्णतेची चाहूल फळाच्या कडेपर्यंत पोचली की रेषा पुन्हा वाकते. सुईपासून कड १० मिमीवर असेल तर सुमारे १०० सेकंद मिळतात, ५ मिमीवर असेल तर पंचवीसच. अंतर निम्मे झाले की वेळ चौथाई होतो.

डाळिंब म्हणजे एक पदार्थ नव्हे

अर्ध्या मिनिटात उष्णता गरात जेमतेम ४ मिमी पोचते. म्हणजे सुईचा सांधा आजूबाजूच्या एक-दोन दाण्यांनाच ओळखतो. दाण्यात टोचला तर एक आकडा, पापुद्र्यालगत आला तर दुसरा. म्हणून एका फळात एक वाचन घेऊन लिहिलेल्या डाळिंबाच्या आकड्याला अर्थ नाही. एकाच बागेची, एकाच तोड्याची किमान पाच फळे घ्या आणि प्रत्येकात तीन ठिकाणी, दर वेळी नवे छिद्र पाडून मोजा. जुन्या छिद्रात रस साचलेला असतो आणि तिथे आकडा वाढतो. सुई जिथे दाणे फोडते तिथेही थोडा रस पोकळ्या भरतोच. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका ते यासाठी. तेवढ्यात सरकण शांत झाली नाही, तर ते छिद्र सोडून दुसरीकडे टोचा.

दाणे सोलून वाटीत भरून मोजण्याचा मोह होतो. सुटे दाणे कसेही भरले तरी त्यांच्यात बरीच हवा राहते. फळात मात्र ते एकमेकांना दाबून, सपाट पैलू पाडून बसलेले असतात. सुट्या दाण्यांचा आकडा पॅकबंद दाण्यांच्या डब्यासाठी उपयोगी आहे, फळासाठी नाही.

सालीसाठी वेगळी युक्ती करावी लागते. तीन-चार मिमी जाडीत सुई मावत नाही. बुचे कापायच्या गोल कटरने सालीच्या २५ मिमी व्यासाच्या दहा-बारा चकत्या काढा, त्याच मापाच्या नळीत एकावर एक रचा आणि सुई मधोमध उभी घाला. उष्णता चकत्यांच्या पातळीतच बाहेर पसरते, त्यामुळे दोन चकत्यांमधली बारीक फट तिला अडवत नाही. चकत्या दाबून बसवू नका. सालीतली हवा हीच तिची खासियत आहे आणि दाबल्यावर ती निघून जाते. तुकडे हवेवर ठेवले की वजन घटते, म्हणून मापनाच्या आधी आणि नंतर वजन करा.

द्राक्षाला ३८ मिमीची सुई आरपार जाते. तिथे २३ गेजची, निळ्या बुडाची, एक इंची सुई बनवा आणि नान्नजकडच्या सोनाकासारख्या लांबट मण्यात लांबीच्या दिशेने घाला. गोल मण्यांसाठी गर नळीत भरून मोजला तरी चालतो. द्राक्षात हवा फार थोडी असल्यामुळे पेशी मोडल्याचा परिणाम कमी होतो. पेरूला आणि सफरचंदाला हे करू नये.

आकडा खरा आहे का?

फळातला पाण्याचा अंश माहीत असेल तर ढोबळ अंदाज असा: ०.१४८ अधिक ०.४९३ गुणिले पाण्याचा अंश. हे स्वेट यांचे १९७४ चे समीकरण, ६० टक्क्यांहून जास्त पाणी असलेल्या फळे-भाज्यांसाठी. ८१ टक्के पाण्याच्या द्राक्षाला ते ०.५५ देते आणि मापन त्याच्या जवळ यायला हवे. ८५ टक्के पाण्याच्या सफरचंदाला ते ०.५७ देईल, प्रत्यक्षात मात्र सफरचंद ०.४२ च्या आसपास निघते, कारण त्याच्या गराचा पाचवा हिस्सा किंवा जास्त हवा असते. समीकरण आणि मापन यांतला फरक पुष्कळदा त्या फळातली हवा सांगतो.

वरची मर्यादा याहून सोपी आहे. साखर, तंतू, प्रथिने, हवा, सगळ्यांची वाहकता पाण्यापेक्षा कमी आहे. म्हणून गोठलेले नसलेले कोणतेही ताजे फळ त्याच तापमानाच्या पाण्याला मागे टाकू शकत नाही. २५ अंशांना ०.६१ च्या वर आकडा आला की चूक मापनात. बहुधा छिद्रात रस साचलाय किंवा सरकण वजा केलेली नाही. आकडा फारच खाली आला तर सुईभोवती हवा.

पाण्याचा अंश काढताना १०५ अंशांची भट्टी वापरू नका. फळातली साखर जळते आणि ते वजनही पाण्याच्या नावावर जाते. ७० अंशांना, जमल्यास निर्वात भट्टीत, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. तापमानाचा परिणाम सौम्य असतो. २० अंशांचा आकडा ५ अंशांना साधारण ४ टक्क्यांनी कमी धरा. गोठले की मात्र सगळे बदलते, बर्फाची वाहकता २.२ आहे.

अख्ख्या फळाची पडताळणी

साल, पापुद्रे, दाणे मिळून फळ कसे वागते हे बर्फाची बादली सांगते. फळ पाण्यात बुडवून किती पाणी सांडते ते मोजा. २६८ मिली सांडले तर समान आकारमानाच्या गोलाची त्रिज्या ४ सेंमी. बारीक थर्मोकपल मुकुटाच्या बाजूने केंद्रापर्यंत घाला आणि छिद्र व्हॅसलीनने बंद करा. फळ बर्फाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा आणि पाणी पंपाने जोरात फिरवत राहा. पहिली ४० मिनिटे फक्त नोंदवा, गणितात धरू नका. त्यानंतर केंद्राचे तापमान किती मिनिटांनी निम्मे होते ते पाहा.

समजा १५ मिनिटे, म्हणजे ९०० सेकंद. उष्णता पसरण्याचा गुणांक = ०.६९३ × त्रिज्येचा वर्ग ÷ (९.८७ × ९००). त्रिज्या ०.०४ मीटर धरून तो १.२५ भागिले एक कोटी, चौरस मीटर प्रति सेकंद येतो. त्याला घनतेने आणि विशिष्ट उष्म्याने गुणा. त्या फळाचे वजन २६३ ग्रॅम असेल तर घनता ९८० किलो प्रति घनमीटर. विशिष्ट उष्मा ०.८४ अधिक ३.३५ गुणिले पाण्याचा अंश, किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विनमध्ये. ७८ टक्के पाण्याला ३.४५, म्हणजे ३४५० ज्यूल. उत्तर ०.४२. सुईने दाण्यांत ०.५० आणि बादलीने अख्ख्या फळाचे ०.४२ आले तर दोन्ही बरोबर असू शकतात, कारण साल आणि पोकळ्या बादलीतच मोजल्या जातात. पाणी मंद फिरत असेल तर बादलीचे उत्तर सहज ५ टक्के कमी येते.

शीतखोलीच्या गणितात हाच अख्ख्या फळाचा आकडा घाला.

किती अचूकता पुरे?

८ सेंमी व्यासाच्या डाळिंबाभोवती जोराची थंड हवा खेळवली, उष्णता काढण्याचा गुणांक २५ (वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन) आणि वाहकता ०.५ धरली, तर फळ आणि हवा यांच्या तापमानातला फरक साधारण दर ३० मिनिटांनी निम्मा होतो. तेच फळ जवळपास स्थिर हवेच्या खोलीत, गुणांक ५, असेल तर निम्मा व्हायला जवळपास दोन तास लागतात. वाहकतेत १० टक्के चूक झाली तर पहिल्या हिशेबात वेळ सुमारे ३ टक्क्यांनी बदलतो, दुसऱ्यात एखाद-दुसऱ्या टक्क्याने. थंड पाण्यात बुडवून शीतन करायचे असेल तरच चूक जवळपास पूर्ण उतरते.

म्हणून कंपनीच्या कामासाठी ५ टक्क्यांच्या आतला आकडा भरपूर झाला. त्यापुढची मेहनत पेट्यांच्या भोकांवर, त्यांच्या रचनेवर आणि पंख्यांवर करा. डाळिंब ५ अंशांखाली नेऊ नका, थंडीने सालीवर डाग पडतात. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात साठवणुकीच्या तापमानाबद्दल विचारून खोलीचे लक्ष्य ठरवा, आणि विचारायला जाताना आपला आकडा या नोंदींसकट न्या: वाण, बाग, तोडणीची तारीख, फळाचे वजन आणि आकारमान, पाण्याचा अंश, मापनाचे तापमान, टोचल्याची जागा, सुईचा गुणक, आणि पंधराच्या पंधरा वाचने, बाद केलेली धरून.